ओला चमचा

मला विषय दिला आहे 'शरद ऋतूतील हस्तकला आणि घरसजावट', आणि वेळ दिली आहे दहा मिनिटं. तोरणं, आकाशकंदील, रांगोळ्या, मण्यांची झुंबरं, सगळं त्यात बसतं. बसू दे. मी मात्र आज गोधडीवर बोलणार आहे, आणि गोधडीतल्याही एकाच गोष्टीवर. शेवटी वेळ उरला तर तोरणाकडे वळेन. उरेल असं वाटत नाही.

ती एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या कुकरची शिट्टी झाली, कुणी दारात आलं, तरी चुकायला नको. गोधडीचं कापड सुती हवं, जुनं हवं आणि धुतलेलं हवं. वरचं हवंच, पण आतलंही. आतलंही, हे कागदावर लिहून ठेवा, कारण सगळा घोटाळा आतच होतो.

पंचांगात शरद म्हणजे अश्विन आणि कार्तिक. आपल्या घरात तो आधीच, पितृपक्षात सुरू होतो, कारण घट बसायच्या आत दसरा काढायचा असतो. दसरा काढणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. माळ्यावरची पातेली, फडताळातली गाठोडी, घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर. कोल्हापूरला पंचगंगेचा घाट या दिवसांत गोधड्यांनी रंगून जातो. पायऱ्यांवर गोधड्या, कठड्यांवर गोधड्या, आणि त्यांच्या कडेला डबे उघडून बसलेल्या बाया.

भिजलेली गोधडी एकटीला पिळता येत नाही. एकीनं हे टोक धरायचं, दुसरीनं ते, आणि दोघींनी उलट्या अंगांनी पीळ द्यायचा. आधी काळं पाणी गळतं, मग मातकट, मग चहासारखं, आणि चौथ्या-पाचव्या पाण्याला स्वच्छ. त्या पिळण्यातच हाताला कळतं की आत काय भरलंय. सुती भाग जड लागतो, पाणी धरून बसतो. आणि मध्येच एखादा भाग हाताखाली सुळकन सरकतो, पाणी त्यात ठरतच नाही. तिथे कुणीतरी नायलॉनची साडी कोंबलेली असते.

आता लोणच्याचं उदाहरण देते. तुम्ही कैरी पुसून घेता, उन्हात वाळवता, बरणी धुऊन कोरडी करता, हात कोरडे, पातेलं कोरडं. इतकं सगळं करून जर घरातल्या कुणी ओला चमचा बरणीत घातला, तर पंधरा दिवसांनी काय दिसतं? पांढरी बुरशी. चमच्याला पाणी कितीसं होतं? थेंबभर. पण बरणी गेली. गोधडीतलं पॉलिएस्टर हा तो ओला चमचा. वर तुम्ही आजेसासूबाईंचं लुगडं घाला, खाली धोतर घाला, हातानं टाके घाला. मध्ये एक जॉर्जेट गेली की बरणी गेली.

कारण सांगते. सुती कापड हवेतली ओल पिऊन घेतं, स्वतःच्या वजनाच्या साधारण सात-आठ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. म्हणून सुती पांघरुणात घाम जिरतो आणि दुसऱ्यात अंगावरच राहतो, चिकचिकतो. हे एक. दुसरं, कोरं सुती कापड पहिल्या दोन-चार धुण्यांत आटतं. जुनं कापड आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं. आता जुन्याला कोरं जोडलंत तर पहिल्याच पाण्यात कोरं आखडणार, जुनं आहे तिथंच राहणार, आणि गोधडीला चुण्या पडणार. पॉलिएस्टर आटत नाही, पण टाक्याखालून निसटतं, गोळा होऊन एका कोपऱ्यात जाऊन बसतं. म्हणून म्हणते, सुती, जुनं, धुतलेलं. तिन्ही. एक असून चालत नाही.

हे मी शहाणपणानं शिकले असं समजू नका. थोरल्या नातवासाठी मी दुपटं शिवायला घेतलं होतं. वर माझ्याच आईची इरकल, मऊ, अगदी लोण्यासारखी. आत घालायला कापड कमी पडलं, म्हणून लग्नात आलेली एक गुलाबी आहेराची साडी घातली. कधी नेसलेच नव्हते, म्हटलं तेवढीच मार्गी लागेल. तीन महिन्यांत दुपट्याच्या मधोमध नारळाएवढा गोळा. मूल झोपेना. सूनबाई बिचारी बोलली नाही, पण दुपटं हळूच कपाटात गेलं. सगळे टाके उसवून ती साडी बाहेर काढायला मला शिवण्यापेक्षा जास्त दिवस लागले. म्हणजे ओला चमचा घालणारी मीच.

आता तुम्ही म्हणाल, ओळखायचं कसं? सुतीसारखी दिसणारी कापडं आता इतकी आलीत की हातालाही फसवतात. उपाय सोपा आहे. काठापासचा एक धागा ओढून काढा आणि जळत्या काडीवर धरा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागद जळल्याचाच, आणि राख मऊ राहते, बोटानं उडून जाते. पॉलिएस्टरचा धागा आधी वितळतो, आखडतो आणि टोकाला काळी कडक गोळी धरतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही असतं, थोडं जळतं, थोडी गोळी होते. तेही नकोच. आडवा धागा वेगळा आणि उभा वेगळा असू शकतो, म्हणून दोन्हीकडचा एकेक बघा.

कुणी म्हणेल, बाई, गोधडीत कापूस किंवा फायबर का नाही भरायचं, छान फुगते. भरा की. मग ती रजई झाली, दुलई झाली. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. गोधडीत भरणं नसतंच, थर असतात. कापडावर कापड, कापडावर कापड. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेची, आणि दर धुण्याला ती गोधडी आणखी मऊ होत जाते. लोणचंही पहिल्या दिवशी कुठे लागतं? मुरावं लागतं. आणि मुरायचं तर टाके हवेत, टाके म्हणजे लोणच्यातलं मीठ समजा, सगळीकडे सारखं लागलं पाहिजे. (आता मोहरी कुठली आणि हिंग कुठला असं विचारणारे पत्र पाठवतील, त्यांना आधीच हात जोडते.)

मापाचं थोडं सांगते, कारण इथेही मुली कापडाची नासाडी करतात. नऊवारी लुगडं घ्या. त्याचे चार सारखे तुकडे करा, प्रत्येक सव्वादोन वारांचा. दोन तुकडे लांबीच्या बाजूनं शेजारी जोडले की वरचं अंग झालं, उरलेल्या दोघांचं खालचं अंग. पन्हा सव्वा वार धरला तर सव्वादोन बाय अडीच वार, दोन माणसांची गोधडी, आणि एक चिंधीही वाया नाही. लुगड्याला आधीच दंड, म्हणजे जोड, घातलेला असेल तर तो मध्यावर येणार नाही असं बघा, तिथे जाडी होते. आत धोतरं, सुती चादरी, दुसऱ्या लुगड्यांचे धड राहिलेले भाग, असे तीन-चार थर. जुनी फाटकी गोधडी असेल तर तीच आत घाला. वर-खाली नवं अंग चढवलं की ती पुन्हा उभी राहते. आमच्याकडे एक गोधडी अशी आहे की तिच्या पोटात आणखी एक गोधडी आहे, आणि मला दाट शंका आहे की तिच्याही पोटात एक असावी.

सगळे थर जमिनीवर पसरून, हातानं सारखे करून, आधी मोठमोठे कच्चे टाके घालून घ्या. हा आळस करू नका. मग काठापासून धावदोरा घालत चौकोनात फिरत आत यायचं, ओळी-ओळींत बोटभर अंतर. दोरा एका हाताच्या लांबीचाच घ्या, जास्त घेतलात तर गुंता होतो आणि तोंडात नको ते शब्द येतात. हातमशीन, पायमशीन, काय असेल त्यावर शिवलंत तरी माझी हरकत नाही, खरंच नाही. हाताचा टाका मला आवडतो, तो थोडा ढिला असतो म्हणून गोधडी अंगाबरोबर वळते. पण मशीनवर शिवलेली सुती गोधडी आणि हातानं शिवलेली पॉलिएस्टरची, यांत निवड करायची तर मी डोळे मिटून मशीनची घेईन. बघा, पुन्हा तिथेच आले.

गावाकडे गोधड्या उन्हाळ्यात शिवतात, शेतीची कामं आटोपली की. ते मला माहीत आहे, पत्र पाठवू नका. पण तपासायचा आणि दुरुस्तीचा हंगाम हाच. धुताना कुठे विरलंय, कुठे टाका गेलाय, ते आत्ताच दिसतं. आणि थंडी पडायला अजून महिना-दीड महिना असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस परत फिरतो, आभाळ मोकळं होतं, आणि जे कडक ऊन पडतं त्याला आपण हीट हीट म्हणून नावं ठेवतो. अहो, हे ऊन गोधडीसाठी आहे! दोन दिवस, दोन्ही अंगांनी. फक्त सूर्य कलायच्या आत उचला, या दिवसांत संध्याकाळीच दव धरतं आणि दिवसभराचं वाळवणं पाण्यात जातं. आणि दुपारी तीनच्या सुमाराला गॅलरीत जे तिरपं ऊन येतं, त्यात पाय सोडून बसून ठिगळ लावण्यात जे सुख आहे, ते मला कुठल्या मालिकेत मिळालेलं नाही. शेजारच्या गच्चीवर भोंडल्याची तालीम चाललेली असते, कुंडीत झेंडू उमलायला लागलेला असतो. ही माझी शरदातली घरसजावट. कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी विषयाशी संबंध विचारला तर हे वाक्य दाखवीन.

आपलीच तेवढी गोधडी असं नाही. बंगालची कंथा, बिहारची सुजनी, ही तिचीच भावंडं. जुन्या साड्यांच्या काठांतले रंगीत धागे ओढून काढायचे आणि त्यांनीच कंथेवर भरतकाम करायचं, ही बंगालची रीत. म्हणजे दोरासुद्धा जुना! गोव्याच्या खाली, उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बाया कवंडी शिवतात. त्याही काठापासून सुरुवात करून फिरत फिरत मध्यावर येतात, आणि चारी कोपऱ्यांवर रंगीत घड्यांची छोटी फुलं लावतात. त्यांच्याबद्दल खूप सांगण्यासारखं आहे, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून मला दोन मिनिटं उरल्याची दोन बोटं दाखवताहेत.

मग गाडगेबाबांचं तेवढं सांगते. 1876 साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मले, 1956 साली गेले. अंगावर चिंध्यांची गोधडीवजा वस्त्रं असायची, म्हणून कित्येक ठिकाणी लोक त्यांना गोधडेमहाराजच म्हणत. ज्या माणसानं हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली, म्हणजे एका अर्थानं जन्मभर सगळ्यांच्या घरचा दसरा काढला, त्याच्या अंगावर गोधडी होती. मला ही जोडी फार आवडते. यावर खरं तर वेगळं... असो.

तोरणाचं राहिलं. गोधडीतून उरलेल्या काठांचे त्रिकोण कापायचे, मॅटीच्या पट्टीवर एकाशेजारी एक... नाही, बोट एकच राहिलं. ते पुढच्या वेळी.

आज घरी गेल्यावर, म्हणजे तुम्ही घरीच आहात, मी गेल्यावर, कपाटाचा खालचा खण उघडा. नेसवत नाहीत आणि टाकवत नाहीत अशा साड्या बाहेर काढा. सर्वपित्री अमावास्येच्या आत हे उरका. एकेक धागा ओढून काडीवर बघा. राख झाली तर गोधडीच्या ढिगात, गोळी झाली तर दुसरीकडे, त्यांच्या पिशव्या शिवा, पडदे शिवा, काय वाटेल ते करा, गोधडीत घालू नका. आणि धागा चिमट्यात धरा हो, बोटात नको. ती गोळी कातडीला चिकटते.