जनसुनावणीला गेलो, तेव्हा



आपल्या वणी, राजुरा, भद्रावती भागात ‘ओपनकास्ट’ हा शब्द शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही माहीत आहे. जमीन वरून खोदत जायची आणि खालचा कोळसा काढायचा. निघालेल्या मातीचे डोंगर उभे राहतात. खड्ड्यात कामं चालावीत म्हणून त्यातलं पाणी सतत उपसतात, मग आजूबाजूच्या विहिरी आटू लागतात. माझ्या सासरच्या विहिरीत पूर्वी मे महिन्यातही बादली बुडायची. आता फेब्रुवारीतच दोर पुरत नाही. मग लांबून पाणी आणते कोण? बाईच. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते, ते पुन्हा धुतेही तीच.

खाण वाढवायची म्हणून जनसुनावणी झाली, तेव्हा आमच्या गटाच्या नऊ जणी गेलो. मागच्या खुर्च्यांवर बसलो. सगळा वेळ जमिनीला भाव किती आणि नोकरी कुणाला, यातच गेला. त्यात चूक नाही, शेत जाणाऱ्यानं ते मागायलाच हवं. पण पाण्याचं कुणी काढेना. मी उठले, तर पुढच्या एका भाऊंनी विचारलं, “ताई, सातबारा तुमच्या नावावर आहे का?” मी खाली बसले. बीए झालेली, बँकेत मॅनेजरशी हिशेबावरून भांडणारी मी, गप्प बसले. ते अजून सलतं.

नंतर नियम वाचला. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत सातबाऱ्याची अट नाही. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारता येतो. किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. प्रकल्पाचा मराठी सारांश आधी मिळायला हवा. आणि शेवटी, काय नोंदवलं ते मराठीत वाचून दाखवावं लागतं. ते ऐकल्याशिवाय उठायचं नाही. आपलं म्हणणं त्यात नसेल, तर तिथंच सांगायचं.

एवढ्यानं खाण थांबतेच, असं मी म्हणणार नाही. ताडोब्याजवळचा बांदर कोळसा पट्टा २०२० मध्ये लिलावातून वगळला, तो वाघांच्या वाटेसाठी. बरंच झालं. पण आपल्या विहिरींसाठी कोण बोलणार?

आता आमच्याकडे पुन्हा नोटीस लागली आहे. शनिवारच्या मीटिंगला हप्ते घेण्याआधी सारांश वाचू. येताना प्रत्येकीनं आपल्या विहिरीला यंदा कोणत्या महिन्यापर्यंत पाणी होतं आणि लग्न होऊन आलात तेव्हा कधीपर्यंत असायचं, ते लिहून आणा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या.