कलावंताने धनी कसा निवडावा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



चित्रकला, छायालेखन, लेखन अशा विद्या घेऊन नोकरीच्या शोधात निघालेल्या आपल्या मुलामुलींनी कोणता धनी पत्करावा, याविषयी बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर; कलावंत नव्हे. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू, नोकरी देणाऱ्याची, आम्ही जवळून पाहिली आहे.

दादासाहेब फाळक्यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे शिकून त्यांनी १९०३ साली सरकारी पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली. काम विद्येला साजेसे, वेतन निश्चित. तरी स्वदेशीच्या चळवळीच्या काळात ती त्यांनी सोडली. पुढे छापखाना काढला. तेथे भागीदारांशी पटले नाही. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. १९१८ साली धनिकांच्या भांडवलावर हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. परंतु तेथेही भागीदारांशी मतभेद होऊन दादासाहेब काशीस गेले आणि ‘रंगभूमी’ हे नाटक लिहीत बसले. कालांतराने ते त्याच कंपनीत परतले.

यावरून ‘कलावंत लहरीच असायचा’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आम्हांस तो मान्य नाही. आवडीचे काम मिळाले म्हणजे योग्य धनी मिळाला असे होत नाही; त्या कामात अखेरचा शब्द कोणाचा, हे आधी ठरावे लागते. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडून सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात ‘प्रभात’ स्थापिली. येथे कारागीरच मालक झाले. १९३६ चा दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ हे त्या व्यवस्थेचे फळ होय. तरी १९४२ साली शांतारामांनी ‘प्रभात’ सोडली. स्वतःचे घरही कायमचे पुरेल, असे नाही.

आता एक कबुली. चित्रकाराच्या एका पदासाठी मुलाखती घ्यावयास आम्ही बसलो होतो. एका तरुणाने नम्रपणे विचारले, “साहेब, मी काढलेले चित्र मंजूर कोण करणार?” समितीस तो उद्धटपणा वाटला. त्याची चित्रे सर्वांत सरस होती, हे आम्हांस दिसत होते. आम्ही गप्प राहिलो. ज्याने काही विचारले नाही, त्यास नेमले. तो वर्षभरात सोडून गेला. कारण त्याच्या प्रत्येक चित्रावर पाच टेबलांवरून पाच शेरे येत. पहिल्या तरुणाचा प्रश्न उद्धट नव्हता. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून तरुण मित्रांनो, वेतन अवश्य विचारा. घर त्यावरच चालते. पण आणखी तीन गोष्टी विचारा: काम मंजूर कोण करणार? मुदत कोण ठरवणार? कामावर नाव कोणाचे राहणार? उत्तर मनाजोगते नसले तरी गरजेपोटी नोकरी धरावी लागेल. त्यात कमीपणा नाही. मात्र मग आपली विद्या राखण्यासाठी दिवसाचा एखादा तास स्वतःकडे ठेवा.

आणि आमच्यासारखे जे टेबलाच्या पलीकडे बसतात, त्यांनी हे प्रश्न ऐकण्याची सवय लावून घ्यावी. आम्हांस ती उशिरा लागली.