प्रमाणित चाचणीचे पत्रक कसे वाचावे



शाळेतून अथवा एखाद्या मार्गदर्शन केंद्रातून मुलाच्या संपादणूक चाचणीचे पत्रक घरी येते, त्यात वाचन, लेखन, गणित, भाषा अशा शीर्षकांपुढे रकाने भरून आकडे मांडलेले असतात, आणि आपल्या पाल्याच्या भवितव्याचा निकालच येथे लागला आहे अशा समजुतीने आईवडील तो कागद पुनःपुन्हा वाचतात. त्या आकड्यांतून कोणता अर्थ काढावा, आणि विशेषतः कोणता काढू नये, याचा खुलासा करण्याचा आज मानस आहे.

पस्तीस गुणांना उत्तीर्ण ही रीत आपल्या हाडीमाशी इतकी खिळलेली आहे की, पत्रकात पर्सेंटाइलच्या रकान्यात ३७ हा आकडा दिसताच पोर काठावर पास झाले असे वाटून मन खट्टू होते. वस्तुतः हा शेकडा गुणांचा हिशेब नव्हेच. त्या वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे सदतीस मुले या मुलाच्या बरोबरीने अथवा त्याच्या खाली आहेत, एवढेच तो आकडा सांगतो. आणि २५ ते ७५ या टप्प्यात निम्मी मुले येत असल्यामुळे ३७ हे स्थान चांगले मधल्या गर्दीतले आहे. मुलाने किती प्रश्न बरोबर सोडविले, याची माहिती त्या रकान्यात नसते.

शेजारच्या रकान्यात बहुधा प्रमाणित गुण असतात. अनेक चाचण्यांत त्यांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरलेले असते, म्हणून ८५ ते ११५ या मर्यादेत शंभरातील सुमारे अडुसष्ट मुले सापडतात. दोन मुलांची किंवा दोन विषयांची तुलना करावयाची झाल्यास ती या गुणांवरून करावी, पर्सेंटाइलवरून करू नये. कारण पर्सेंटाइलच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. ५० वरून ६० वर जाण्यास प्रमाणित गुणांत चारांहूनही कमी वाढ पुरते, पण ८५ वरून ९५ वर जाण्यास नऊ गुण चढावे लागतात. तसेच, गेल्या वर्षीचा पर्सेंटाइल यंदाही कायम राहिला म्हणजे मूल वर्षभर जागच्या जागी बसले, असा तर्क कोणी करू नये. बरोबरीची मुले जेवढी पुढे गेली, तेवढेच तेही गेले आहे.

तराजूचा काटा स्थिरावण्यापूर्वी थरथरतो, तशी प्रत्येक मापनात थोडी अनिश्चिती असतेच. चाचणीची विश्वसनीयता ०.९० इतकी उत्तम असली, तरीही प्रमाणदोष सुमारे पाच गुणांचा निघतो. पत्रकात ७९ गुण लिहिलेले असतील, तर खरी योग्यता ६९ ते ८९ यांच्या दरम्यान कोठेतरी असावी, असे शंभरातील पंचाण्णव वेळांच्या भरवशाने म्हणता येते. पर्सेंटाइलच्या भाषेत हे अंतर २ पासून २३ पर्यंतचे आहे. एवढ्या रुंद पट्ट्यातील एका बिंदूवर बोट ठेवून मुलाला मंद ठरविणे हा अन्याय आहे, आणि तो मी पुष्कळ घरांत होताना पाहिला आहे.

इयत्तेच्या समतुल्यतेचा एक रकानाही काही पत्रकांत असतो. चौथीतल्या मुलापुढे तेथे ७ लिहिले, म्हणून त्याला सातवीचे गणित येते असे मुळीच नाही. सातवीच्या सरासरी मुलाने त्याच चाचणीत जेवढे गुण मिळविले असते, तेवढे त्याने मिळविले, इतकेच. तो रकाना सोडून दिला तरी हरकत नाही.

आता भाषेच्या प्रश्नाकडे वळू. माझ्या मते सर्वांत अधिक गफलत तेथेच होते. समजा, पाचवीतल्या एका मुलीचे पत्रक आपल्यापुढे आहे. घरची भाषा मराठी, तिसरीपासून शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि चाचणीही इंग्रजीतूनच घेतलेली. सुटे शब्द वाचण्यात तिला ९४, उताऱ्याच्या आकलनात ७९, इंग्रजी शब्दसंग्रहात ७६, आकडेमोडीत १०८ आणि शाब्दिक उदाहरणांत ८६ गुण आहेत. या सर्वांची सरासरी काढून मुलगी सामान्याहून कमी आहे असे म्हणणारे भेटतील. परंतु हेच आकडे परस्परांशेजारी ठेवून पाहावेत. जी मुलगी नुसत्या बेरजा, गुणाकार, भागाकार वयाच्या सरासरीहून सरस करते, तीच उदाहरण इंग्रजी वाक्यांत आले की बावीस गुणांनी खाली येते, आणि हा फरक प्रमाणदोषाने उडवून लावता येण्याजोगा नाही. तिचे गणित शाबूत आहे. अडते आहे ते वाक्य.

शिवाय या गुणांची मानके कोठली, हेही विचारले पाहिजे. आपल्या शहरांतून वापरल्या जाणाऱ्या वुडकॉक-जॉन्सनसारख्या चाचण्यांची मूळ मानके अमेरिकेतील मुलांवरून बांधलेली आहेत. तेव्हा शब्दसंग्रहातील ७६ हा आकडा आपल्या मुलीला तेथल्या मुलांच्या रांगेत उभे करून काढलेला असू शकतो. बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये सिद्ध केलेली बुद्धिमापन कसोटी १९३० नंतरच्या दशकात डॉ. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी तयार केली, तेव्हा प्रश्नांच्या भाषांतरावर समाधान न मानता ते प्रश्न येथल्या मुलांना घालून येथलीच मानके त्यांनी ठरविली, यातील शास्त्रीय सचोटी आजही अनुकरणीय आहे. कॅनडातील भाषाभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे की, नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई सुमारे दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाच्या भाषेत समवयस्कांची बरोबरी गाठण्यास साधारण पाच ते सात वर्षे लागतात. मुलगी मैत्रिणींशी फाडफाड इंग्रजी बोलते, मग आकलन का नाही, असा जाब तिला विचारणाऱ्या वडिलांनी हे ध्यानात घ्यावे.

मात्र सगळे खापर इंग्रजीवर फोडून निश्चिंत होणेही तितकेच धोक्याचे आहे. वाचनाची खरीखुरी अक्षमता असलेली मुलेही घरोघरी असतात, आणि अशा विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात शालान्त परीक्षेत १९९६ पासून सवलती मिळत आल्या आहेत. खोट्या समाधानापायी त्यांची वर्षे वाया जाऊ नयेत. म्हणून परीक्षकांना भेटून चाचणीचे नाव, मानकांचा देश आणि प्रत्येक गुणाचा त्रुटीपट्टा लेखी मागावा, आणि वाचन, श्रवण, कथन यांची पाहणी मराठीतूनही करावी अशी विनंती करावी. मराठीतही अक्षरे अडखळत असतील, तर पुढील तपासणीस विलंब लावू नये. तोवर घरी, संध्याकाळी दिवेलागणीनंतर, चुकलेली शाब्दिक उदाहरणे तिला मराठीत वाचून दाखवावीत, तिने काय लिहिले ते जवळ बसून पाहावे, आणि ती वही पुढच्या भेटीस बरोबर न्यावी.