भंडाऱ्याचा डोंगर ज्वालामुखी आहे काय?

(इंदुरी, ता. मावळ येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



महाराष्ट्राचे पठार ज्वालामुखीच्या उद्रेकातून निर्माण झाले, हे वाक्य वर्गात उच्चारले की इंदुरी परिसरातील चौकस मुलाचा पुढील प्रश्न ठरलेला असतो : “गुरुजी, मग भंडाऱ्याचा डोंगर ज्वालामुखी आहे काय? तो पुन्हा पेटेल काय?” ‘होय, तो निद्रिस्त ज्वालामुखी आहे’ असे उत्तर दिले, तर मुलाच्या मनात निष्कारण भय शिरते. ‘धड्यात नाही ते विचारू नये’ असे म्हटले, तर जिज्ञासा मरते. खरे उत्तर असे की, भंडारा डोंगराचा दगड ज्वालामुखीतून आला आहे. परंतु तो डोंगर ज्वालामुखी नव्हे. हा भेद मुलांना समजावून देणे हेच या पाठाचे सार होय.

पाठ्यपुस्तकातील चित्रात ज्वालामुखी बहुधा शंकूच्या आकाराचा आणि शेंड्यावर मुख असलेला असतो. असे पर्वत जगात आहेत. त्यांतील काहींच्या पोटातील शिलारस मोठ्या उद्रेकात बाहेर पडला की आतील कोठार रिते होते, वरचे छप्पर आधाराविना खचते आणि तेथे विस्तीर्ण खोलगट भाग उरतो. गुऱ्हाळातील काहिलीची आठवण व्हावी असे त्याचे रूप असते. शास्त्रज्ञ त्यास कॅल्डेरा म्हणतात. स्पॅनिश भाषेतील या शब्दाचा अर्थही मोठी कढई असाच आहे. इंडोनेशियातील क्राकाताऊ १८८३ च्या ऑगस्टमध्ये असाच खचला आणि त्यामुळे उसळलेल्या सागरी लाटांनी छत्तीस हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला. भारतात अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेट हा असा जागृत ज्वालामुखी आहे. त्याच्या सुमारे २ किलोमीटर रुंदीच्या कॅल्डेरात मधोमध राखेचा व लाव्हाचा शंकू उभा आहे. त्याच्या उद्रेकाची नोंद १७८७ पासून मिळते. दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला आणि त्यानंतरही अनेकदा धुमसला.

दख्खनचा इतिहास याहून निराळा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथील भूमीला ठिकठिकाणी लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हारस वाहू लागला. एक पूर पसरावा, तो थंड होऊन दगड बनावा, मध्ये काही काळ जावा आणि वर दुसरा पूर यावा, असे कित्येक वेळा घडले. या पाषाणाचा बहुतेक भाग दहा लाखांहून कमी वर्षांत साचला. माणसाच्या दृष्टीने हा काळ अफाट असला, तरी पृथ्वीच्या आयुष्यात तो अल्पच म्हणावा लागेल. या थरांनी आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे आणि सह्याद्रीच्या भागात त्यांची जाडी २ किलोमीटरपर्यंत भरते. भेगांत थिजलेला लाव्हा उभ्या दगडी भिंतींच्या रूपाने नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत, कोकणपट्टीत आणि पुणे-नाशिक भागातही आढळतो. आइसलँडमधील लाकी येथे १७८३ मध्ये सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने असाच लाव्हा वाहत होता. दख्खनच्या मानाने तो अगदी लहान नमुना होय.

मग डोंगर कोठून आले? सारवलेल्या जमिनीवर वर्षानुवर्षे सारवणाचे थर चढावेत, तसे लाव्हाचे थर एकावर एक चढले आणि सपाट पठार तयार झाले. त्यानंतर पावसाने व नद्यांनी ते कोट्यवधी वर्षे कोरले. जे झिजून गेले तेथे खोरी झाली, जे उरले ते डोंगर. भंडारा डोंगर हा असा उरलेला भाग आहे. दूरवरून पाहिले असता सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात. या खडकांना ‘ट्रॅप’ हे नाव पडले तेही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. भूवैज्ञानिकांनी येथील थरांच्या एका गटाला लोणावळ्याचे आणि त्याच्या एका भागाला खंडाळ्याचे नाव दिले आहे, ही गोष्ट मावळातील विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी याच थरांत खोदलेली आहेत.

खोलगट जागा दिसली की ते ज्वालामुखीचे मुख, असाही एक समज असतो. इंद्रायणीच्या पात्रातील कुंडमळ्याच्या खडकांत पाण्याने काम केले आहे, अग्नीने नव्हे. वेगवान प्रवाहात गोटे गरगर फिरतात व खडक घासून रांजणासारखे खळगे पाडतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवरही ज्वालामुखीचे नसून उल्कापाताने झालेले आहे.

येथील अग्नी गेला कोठे, असे एखादी मुलगी विचारील. बहुसंख्य भूवैज्ञानिकांचे मत असे की, ज्या तप्त स्रोतामुळे हे उद्रेक झाले तो पृथ्वीच्या पोटात बहुतांशी आपल्या जागीच राहिला. सरकली ती भारतभूमी. त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. तो उत्तरेकडे सरकत असता त्या स्रोतावर लक्षद्वीप, मालदीव व छागोस यांच्या बुडाचे अग्निजन्य खडक आणि पुढे मॉरिशस बेट निर्माण झाले. एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज त्याच मॉरिशसमध्ये आजही राहतात. शेजारच्या रियुनियन बेटावर, मावळापासून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर दूर, हा स्रोत आजही जिवंत आहे. तेथील पितों द ला फुर्नेझ हा पर्वत सुमारे ८ किलोमीटर रुंद कॅल्डेरात उभा असून सतराव्या शतकापासून त्याचे दीडशेहून अधिक उद्रेक नोंदले गेले आहेत. एप्रिल २००७ मध्ये त्याच्या शिखरावरील विवराचा तळ तीनशे मीटरांहून अधिक खचला. तात्पर्य, मावळाची चूल विझली नाही. मावळच त्या चुलीवरून उठून दूर आला आहे.

हा पाठ फळ्यावर संपू नये. शाळेजवळच्या एखाद्या सुरक्षित जागी मुलांना दगड हाताळू द्यावेत. सच्छिद्र दगडातील छिद्रे ही लाव्हातील वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याची खूण होय. त्यांत पुढे पाण्यातून साचलेले पांढरे स्फटिक आढळतात. दोन थरांमध्ये कोठे तांबडा मातकट पट्टा दिसल्यास, दोन पुरांच्या मधल्या काळात खालच्या दगडाची झीज होऊन माती बनली होती, हे मुलांकडून ओळखवून घ्यावे. नदीच्या पात्रात मात्र मुलांना उतरवू नये. कुंडमळ्याचा जुना पूल १५ जून २०२५ रोजी कोसळून झालेली जीवितहानी सर्वांच्या स्मरणात आहे.

शेवटी भीतीविषयी. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला, तो ज्वालामुखीचा नव्हता. भूमी हादरली की ‘डोंगर पेटणार’ ही अफवा उठते. ती शाळेतच थांबली पाहिजे. परंतु खोटे भय घालविताना खऱ्या धोक्याचा विसर पडू नये. हाच दगड युगानुयुगे कुजून उतारावर मऊ मातीचा थर बनतो आणि अतिवृष्टीत तो पाण्याने जड होऊन निसटतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव अशाच रीतीने गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. म्हणून मुसळधार पावसात उतारावर नव्या भेगा पडल्या, झाडे वा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर घरच्या वडीलधाऱ्यांना तत्काळ सांगावे, हे डोंगराच्या कुशीतील प्रत्येक मुलाला ठाऊक असले पाहिजे. भंडाऱ्याच्या डोंगराला अग्नीचे भय नाही. पाण्याकडे मात्र लक्ष असावे. एवढे ज्ञान पावसाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक वर्गात पोहोचावे.