पाहुणी बाभूळ

नागपूरच्या आसपास रस्त्याकडेला कोयत्यासारख्या लांबट पानांचे, पिवळ्या तुऱ्यांचे आणि कानासारख्या पिळलेल्या शेंगांचे झाड आपण पाहिले असेल. हीच ऑस्ट्रेलियन बाभूळ. सामाजिक वनीकरण विभाग १९८२ साली निघाला. अशा लागवडींतून ती पुष्कळ पसरली.

तिचे पान हे खरे पान नव्हेच, तो चपटा झालेला देठ! गुरुजींनी मुलांना हे जरूर दाखवावे. बी कढत पाण्यात टाकून रात्रभर ठेवावे, मग पेरावे. रोपाची पहिली पाने आपल्या बाभळीसारखीच बारीक येतात. पुढे देठ रुंदावत जातात.

मुरमाड जमिनीतही ती वाढते, जळण देते. मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. मग बांधावर लावावी का? जरा थांबा. तिचा पाला गुरे सहसा खात नाहीत आणि गळलेला पाला लवकर कुजत नाही. उलट आपल्या बाभळीच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात, लाकूड औताला, बैलगाडीला येते. म्हणून पाहुणीला पडीक माळ द्यावा. बांध मात्र घरच्या बाभळीकडेच राहू द्यावा.