पडद्यावरील वर्ग आणि विद्यार्थ्याचे अध्ययन
(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशातील महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि घरोघरी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वर्ग भरू लागले. त्या धावपळीच्या अनुभवावरून ऑनलाइन शिक्षणाविषयी समाजात दोन टोकाची मते रूढ झाली. काहींच्या मते हे शिक्षणच नव्हे. काहींना वाटते की जगातील उत्तमोत्तम प्राध्यापक घरबसल्या मिळत असतील, तर मुलाला दूरच्या शहरात ठेवून वसतिगृहाचा खर्च करण्याचे कारणच उरले नाही. दोन्ही मतांत एक गोष्ट निसटते. प्राध्यापक काय शिकवतात याची चर्चा होते. समोरचा विद्यार्थी प्रत्यक्षात कसा शिकतो, याची होत नाही.

वास्तविक दूरस्थ शिक्षणाची परंपरा संगणकाहून जुनी आहे. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत तेथे अध्यापन सुरू झाले. बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर त्याची व्याख्याने प्रसारित होत, त्यामुळे ते 'दूरचित्रवाणीचे विद्यापीठ' म्हणून प्रसिद्धीस आले. परंतु त्याचे खरे बळ पडद्यामागे होते. टपालाने घरी येणारी, स्वतः शिकता यावे अशा पद्धतीने लिहिलेली पुस्तके. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी प्रयोगसाहित्याची पेटी. ठरावीक मुदतीत पाठवावयाचे स्वाध्याय. ते तपासून सविस्तर शेरे लिहिणारे मार्गदर्शक. आणि उन्हाळ्यात भरणारी निवासी शिबिरे. नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकणारे प्रौढ स्त्री-पुरुष या व्यवस्थेतून पदवीधर झाले. आपल्याकडे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे हा त्यांच्याही रचनेचा भाग आहे.

पुढे इंटरनेट आले आणि ही पडद्यामागची व्यवस्था अनावश्यक वाटू लागली. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग या अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदविली. जगभर कौतुक झाले. अभ्यासक्रम पूर्ण करणारे मात्र वीस हजारांच्या थोडे वर होते. दुकानात शिरणारे प्रत्येक गिऱ्हाईक खरेदी करीत नाही, हे व्यापारी समाजाला सांगावयास नको. परंतु शिक्षणक्षेत्रात त्या काळी पहिलाच आकडा मिरविला गेला.

खरी कसोटी दोन वर्षांनी लागली. २०१३ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील सान होजे राज्य विद्यापीठाने थ्रन यांच्याच 'उडासिटी' या कंपनीच्या साहाय्याने गणित व संख्याशास्त्राचे तीन प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन चालविले. त्यांत पूर्वी गणितात अनुत्तीर्ण झालेले विद्यार्थी होते, शाळकरी मुलेही होती. उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांपेक्षा बरेच खाली गेले आणि जुलैमध्ये विद्यापीठाने पुढील सत्रासाठी हा प्रयोग थांबविला. उन्हाळी सत्राचे निकाल मात्र पुष्कळच सुधारले. सुधारणेचे एक कारण शिकणाऱ्यांतच होते: त्या सत्रातील निम्म्याच्या आसपास विद्यार्थी आधीच पदवीधर होते. ज्यांना अभ्यास कसा करावा हे ठाऊक होते, ते पडद्यावरूनही शिकले. ज्यांच्यासाठी ही सोय मुख्यतः उभारली होती, ते मागे पडले.

हे एकट्या सान होजेचे वैगुण्य नव्हते. कोलंबिया विद्यापीठातील संशोधिका डी शू आणि शॅना स्मिथ जॅगर्स यांनी वॉशिंग्टन राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांच्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. ऑनलाइन अभ्यासक्रमात बहुतेक सर्वांचीच कामगिरी काहीशी घसरते. परंतु वयाने लहान आणि पूर्वीचे गुण कमी असलेल्या विद्यार्थ्यांची घसरण अधिक असते, असे त्यांना आढळले. ज्या घरात पहिलाच मुलगा वा मुलगी महाविद्यालयाची पायरी चढत आहे, त्या घराने या निष्कर्षाकडे विशेष लक्ष द्यावे.

असे का होत असावे? याचे उत्तर यंत्रात शोधण्यापेक्षा स्मरणशक्तीच्या स्वभावात शोधणे योग्य. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासण्यास दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र पालटले: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि गंमत अशी, की आपल्या लक्षात अधिक राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

ध्वनिचित्रफीत पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे नेमके हेच होते. प्राध्यापकांचे विवेचन ओघवते असते, सारे समजल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे हेच ज्ञान मानले जाते. त्यात मनाचे भटकणे आहेच. हार्वर्ड विद्यापीठात २०१३ साली स्पुनर, खान आणि शॅक्टर यांनी संख्याशास्त्राचे एक ऑनलाइन व्याख्यान चार भागांत विभागले आणि एका गटाची प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी घेतली. त्या गटाचे चित्त विचलित होण्याचे प्रमाण इतरांच्या निम्म्यावर आले आणि टिपणे कितीतरी अधिक निघाली. व्याख्यान तेच होते. फिलिप ग्वो व सहकाऱ्यांनी २०१४ साली सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या फितींच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा फीत कितीही लांब असली तरी सर्वसाधारण विद्यार्थी सहा मिनिटांच्या पुढे फारसा टिकत नाही, असे दिसले. तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे चित्रित करून अपलोड करणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनी याचा विचार केला आहे, असे दिसत नाही.

मग संमिश्र पद्धतीचे काय? अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलित अभ्यासात प्रत्यक्ष वर्ग आणि ऑनलाइन अध्ययन यांचा मेळ घालणाऱ्या अभ्यासक्रमांचे निकाल केवळ वर्गापेक्षा सरस आढळले. या वाक्याचा जाहिरातीत पुष्कळ उपयोग झाला. त्याच अहवालात लेखकांनी सांगितले आहे की, अशा अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांना बहुधा अधिक वेळ आणि अधिक साहित्यही मिळाले होते. म्हणून श्रेय माध्यमाला देता येत नाही. पाठ घरी पाहून यावा आणि वर्गाचा वेळ उदाहरणे सोडविण्यात, शंका विचारण्यात जावा, तर लाभ होतो. घरी पाहिले नाही आणि वर्गातही तेच ऐकले, तर नुसता खर्च.

भारतात या दृष्टीने पाया घातला गेला आहे. आय.आय.टी. आणि भारतीय विज्ञान संस्था यांचा 'एनपीटीईएल' प्रकल्प २००३ साली सुरू झाला. 'स्वयम्' हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. ध्वनिचित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि शंकाचर्चा असे त्याचे चार भाग आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करण्यास मुभा दिली आणि २०२१ साली ती मर्यादा ४० टक्के केली. शिकणे विनामूल्य आहे. शुल्क परीक्षेपुरते, आणि परीक्षेसाठी केंद्रावर स्वतः जावे लागते.

यात साप्ताहिक स्वाध्याय हाच कणा आहे. बी.कॉम.ची मुलगी दिवसा दुकानात वडिलांना हातभार लावून रात्री खर्चलेखांकनाचा पाठ पाहते, तेव्हा तिने किती तास पाहिले हे विचारून काही कळत नाही. फीत बंद करून, वही मिटून, कोऱ्या कागदावर तिला तोच खर्चाचा तक्ता मांडता येतो का, हे पालकांनी पाहावे. त्यासाठी पालकांना तो विषय येण्याची गरज नाही. स्वाध्यायाची मुदत आठवड्याला असते आणि सहसा पहिली मुदत चुकते तेथेच पुढची गळती सुरू होते. एनपीटीईएलशी संलग्न महाविद्यालयांत स्थानिक शाखा असते आणि तेथील मार्गदर्शक अध्यापक आपल्या गटातील विद्यार्थ्यांचे स्वाध्याय आले की नाहीत, यावर लक्ष ठेवतात. प्रवेश घेण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयात अशी शाखा आहे का आणि मार्गदर्शक कोण आहेत, याची चौकशी कार्यालयात अवश्य करावी.