एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी



मंडळाने आज वर्धापनदिनी मला बोलावयास सांगितले आणि विषय माझ्यावरच सोपविला. तेव्हा जी गोष्ट आपल्या जळगाव-धुळ्याकडे बायका कानातच बोलतात, ती मी मोठ्याने बोलणार आहे.

छातीच्या कर्करोगासाठी आपल्याकडच्या भगिनी मुंबईला टाटा रुग्णालयात जातात. स्तन काढल्यावर कुणाला त्या जागी सिलिकोनची पिशवी बसवितात. अशी पहिली पिशवी १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे बसविली गेली. ती फुटली तर दुखेलच असे नाही, हाताला कळेलच असेही नाही. म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० साली सांगितले, की पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठे चुंबक शरीरातील हायड्रोजनला जणू सूर लावावयास भाग पाडते. पाण्याचा सूर एक, चरबीचा दुसरा, सिलिकोनचा तिसरा. दीड टेस्लाच्या यंत्रात सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख कंपने, आणि चरबी व सिलिकोन यांत अंतर अवघे शंभरेक कंपनांचे! तंबोरा लावणाऱ्या बाईला हे चटकन उमजेल. चरबीला वेळ साधून आणि पाण्याला सूर ओळखून गप्प केले, म्हणजे चित्रात सिलिकोन तेवढे उजळ राहते; पिशवीबाहेर गळले असेल तर तेही दिसते. मात्र यंत्र आपोआप सूर लावताना कधी पाणी सोडून सिलिकोनलाच धरते, आणि नको ते पुसले जाते. तंत्रज्ञाला तो हाताने पाहून घ्यावा लागतो. आत पिशवी आहे हे ठाऊक असेल, तरच तो पाहील ना?

इथेच घोडे अडते. फॉर्म यजमान भरतात, शेजारी सासूबाई बसलेल्या, आणि ती ओळ कोरी राहते. असला संकोच मला मुळीच मान्य नाही. कायमच्या पिशवीआधी कातडी ताणण्यासाठी जी पिशवी ठेवतात, तिच्यापैकी कित्येकींच्या झडपेत लोहचुंबक असतो. तो घेऊन त्या खोलीत जाणे धोक्याचे आहे.

तपासणीत पालथे निजावयाचे असते. छाती खालच्या खास साच्यात सुटी राहते. अर्धा-पाऊण तास हलू नये, नाहीतर चित्र पुसट येते. आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात. आतल्या आत फुटलेल्या पिशवीचे कवच घड्या पडून तरंगते, ते चित्रात अगदी आपल्या शेवयांसारखे दिसते! नुसती गळती पाहावयाची तर शिरेतून औषध द्यावे लागत नाही. कर्करोग शोधावयाचा असेल तर द्यावे लागते. काय शोधावयाचे ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर पिशवीचे एक कार्ड मिळते. त्यावर जात, माप आणि क्रमांक असतो. ते दागिन्यांच्या डब्यात ठेवा, आणि तपासणीला जाताना दागिने घरी ठेवून कार्ड तेवढे बरोबर घ्या.